तीन मनगटं, तीन आकडे

जुलै संपत आला होता. माझी मुलगी रेवा ढोल-ताशा पथकाच्या सरावाहून आली ती एकटी नव्हती, सोबत सई आणि मृण्मयी. तिघींचे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, बुटांना नदीपात्रातला चिखल, रेवाच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीच्या कडेला सुकलेलं रक्त. मी पोहे टाकले होते. ताटल्या भरेपर्यंत तिघींनी आपापल्या घड्याळांवर बोटं फिरवली आणि किती कॅलरी जळाल्या ते आकडे वाचून दाखवले. सई ताशा वाजवते, तिचे ९४०. रेवा ढोल वाजवते, तिचे ६१०. मृण्मयी ध्वज नाचवते, तिचे ३८५. मैदान एकच, संध्याकाळ एकच, अडीच तासही तेच. "म्हणजे मी काय तिथे नुसती झेंडा धरून उभी होते का?" मृण्मयी म्हणाली आणि बाकीच्या दोघी फिसकन हसल्या, कारण ती खरंच झेंडा धरून होती. तिला हसू आलं नाही. तिचे खांदे इतके भरून आले होते की पोह्यांची ताटली तिने दोन्ही हातांत धरली होती. आणि तिचंच मनगट तिला सांगत होतं, की आज सगळ्यात कमी दमलीस ती तू.

सईने पोहे पुन्हा घेतले. "मावशी, माझे अजून शिल्लक आहेत," असं वर म्हणाली. मृण्मयीला विचारलं तर ती म्हणाली, नको.

ते 'नको' मला टोचलं.

दमलेल्या, भुकेल्या, विशीतल्या मुलीने पोह्यांना नको म्हणावं, तेही मनगटावरच्या एका आकड्याला विचारून, हे काही माझ्या गळी उतरेना. त्या आकड्याला इतका मान कशामुळे, हे शोधावंसं वाटलं. मुली गेल्यावर रेवाचं घड्याळ चार्जिंगला लावताना मी उलटं करून बघितलं. काचेखाली दोन हिरवे ठिपके लुकलुकत होते. ही त्याची नाडी बघायची पद्धत. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त जास्त, म्हणून परतणारा प्रकाश कमी. दोन ठोक्यांच्या मधे उलटं. प्रकाशाच्या या चढउतारांवरून ठोके मोजायचे. दुसरा एक सेन्सर हात किती, कुठे आणि किती झटक्याने हलला ते टिपतो. बाकीची माहिती रेवाने पहिल्या दिवशी स्वतःच भरलेली: वय, उंची, वजन, मुलगी की मुलगा. बस, एवढंच. या सामग्रीतून पुढचं सगळं शिजतं. कॅलरी मोजणारं काहीही त्या घड्याळात नाही. तिथे उष्णता मोजली जात नाही, श्वास मोजला जात नाही, प्राणवायू किती खर्च झाला हे कळायला काही मार्ग नाही. मोजले जातात ते ठोके आणि हातवारे. कॅलरीचा असतो अंदाज, आणि तो ज्या सूत्राने बांधतात ते कंपनीच्या तिजोरीत.

हे समजल्यावर तीन आकड्यांचं कोडं निम्मं सुटलं. ताशाच्या काड्या दोन्ही हातांत, मनगटं वाऱ्यासारखी चाललेली. सईचं घड्याळ बिचारं समजत असणार की ही पोरगी पळत सुटली आहे. ढोलाला एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. घड्याळ कुठल्या हातात बांधलंय यावर बरंच काही ठरणार. आणि ध्वजवाल्या मुलीचा सगळा भार दंड, पाठ आणि पोटऱ्यांवर. मनगट काठीला घट्ट आवळलेलं. म्हणजे जिथे काम चाललंय तिथे घड्याळ नाही आणि जिथे घड्याळ आहे तिथे फार काही घडत नाही. आणखी एक गंमत आहे. हात ठरावीक लयीत हलत असला की ही घड्याळं कधीकधी त्या लयीलाच नाडी समजतात. धावणाऱ्यांना हा घोळ माहीत असतो: पावलांचा ठेका ठोक्यांच्या रकान्यात येऊन बसतो. मग ज्या खेळाचा जीवच ठेका आहे तिथे काय होत असेल! शिवाय शंभर ढोलांच्या मधे उभं राहिलं की छाती आपसूक धडधडते. मी तर नुसती फुटपाथवर उभी असते, मिरवणुकीत काडीचं काम करत नाही, तरी माझे ठोके वाढतात. उकाड्याने वाढतात, भीतीने वाढतात, चहाने वाढतात. त्या प्रत्येक वाढीमागे चरबी जळते असं थोडंच आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली अशी सात मनगटी यंत्रं ६० जणांच्या हातावर बांधून त्यांना चालायला, पळायला, सायकल मारायला लावलं होतं. ठोके सातांपैकी सहांनी चांगले पकडले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यांचीच दांडी उडाली. त्यातल्या त्यात बऱ्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ती यंत्रं आता जुनी झाली, सूत्रं सुधारत असतील, हे मान्य. पण ९३ टक्के चूक म्हणजे काय, याचा जरा विचार करा. वाण्याने किलोभर साखर म्हणून जवळजवळ दोन किलो बांधून द्यावी किंवा पुडीत मूठभरच टाकावी, इतका फरक. आपण असा वाणी दुसऱ्या दिवशी बदलू. घड्याळ मात्र मनगटावर राहतं, कारण ते घासाघीस न करता तीन आकडी संख्या सांगतं. 'साधारण चार ते सातशेच्या मधे कुठेतरी' असं त्याने खरं खरं सांगितलं असतं तर कोण विकत घेणार होतं?

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. रात्री साडेदहाला जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारतात आणि मारताना उजवा हात जरा जास्तच हलवतात. घड्याळ उजव्या हातात असतं. काकूंचं म्हणणं, भाजीची पिशवी त्या हातात दिली तर घेत नाहीत, पावलं धरली जात नाहीत म्हणून. हे खरं आहे. बाबागाडी किंवा मॉलमधली ट्रॉली ढकलत चाललं की हात स्थिर राहतो आणि पावलं बुडतात. काकूंना मी विचारलं, तुम्ही का नाही घालत घड्याळ? त्या म्हणाल्या, कणकेत हात असतात दिवसभर.

या हिशेबात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. शरीर नुसतं पडून असलं तरी खर्च चालूच असतो. ढोबळ मानाने दर किलो वजनामागे तासाला एक कॅलरी. पन्नास किलोची मुलगी त्या अडीच तासांत घरी लोळून मोबाईल बघत बसली असती तरी १२५ खर्च झालेच असते. काही घड्याळं हे मूळचे १२५ सरावाच्या आकड्यात मिसळून दाखवतात, काही वेगळे काढतात, काही दोन्ही दाखवतात आणि आपण त्यातला मोठा वाचतो. त्यामुळे सई आणि मृण्मयी एकमेकींशी तुलना करत होत्या ती बहुधा एकाच गोष्टीची नव्हतीच. आणि पोह्यांच्या बाजूचा आकडा तरी कुठे धड आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यांत ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे, काम मोठं आहे. पण माझ्या कढईत त्या दिवशी तेल किती पडलं हे मलाच ठाऊक नाही. मी बाटली तिरकी करते आणि मनात म्हणते, पुरे. जमेची बाजू अंदाजाने, खर्चाची बाजू अंदाजाने, आणि वजाबाकी मात्र एककापर्यंत चोख.

मग खरं मोजायचं कसं? हा प्रश्न घेऊन बसले तर वाट थेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच्या पॅरिसमध्ये गेली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने बर्फ किती वितळला ते तोललं आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे संथपणे चाललेलं ज्वलन, हे तिथे पक्कं झालं. पुढे लाव्हाझिएने आपला सहकारी सेगँ यालाच तोंडावर मुखवटा चढवून प्रयोगाला बसवलं. पायाने दट्ट्या दाबायला लावून, काम करताना प्राणवायू किती जास्त लागतो ते पाहिलं. या प्रयोगांची चित्रं लाव्हाझिएची बायको मारी-आन हिने काढली आहेत आणि चित्राच्या एका कडेला तिने स्वतःलाही काढलंय, टेबलाशी बसून नोंदी घेताना. त्या खोलीत सगळ्यात कमी हलणारी तीच. मनगटाला घड्याळ असतं तर तिच्या खात्यात काय जमा झालं असतं, देव जाणे.

पण मी थबकले ती याच लाव्हाझिएच्या एका शेऱ्यापाशी. काम केलं की जास्त प्राणवायू लागतो हे सिद्ध झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की हाताच्या बळावर पोट भरणारा गरीब माणूस शरीराची झीज जास्त करतो, म्हणजे त्याला अन्नाची गरज जास्त. आणि ज्याला फारशी झीज भरून काढायची नसते त्या रिकामटेकड्या श्रीमंताच्या ताटात मात्र रेलचेल. हे असं उलटं का? प्रयोगशाळेतल्या माणसाने आपल्या निबंधात हे लिहून ठेवलं आहे, १७८९ च्या आसपास. स्वतः तो गडगंज होता, करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, आणि १७९४ मध्ये त्याच कारणाने त्याचं डोकं उडवलं गेलं. मला वाटतं, कॅलरीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि आपण मनगटावर बांधली ती त्याची फक्त शेपटी.

मुखवट्याची पद्धत अजून चालते. प्रयोगशाळेत तोंडाला नळी लावून ट्रेडमिलवर पळवतात, ती तीच. त्याहून अचूक म्हणजे जड पाण्याची रीत. १९५० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफ्सन यांनी ती बसवली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायचं आणि पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने द्यायचे. दोन्ही अणू शरीराबाहेर पडण्याच्या वेगात जो फरक असतो, त्यावरून माणसाने कार्बन डायऑक्साइड किती सोडला आणि ऊर्जा किती खर्चली ते निघतं. नित्याचे व्यवहार करत फिरणाऱ्या माणसासाठी याहून खात्रीची रीत नाही. पण ती पंधरवड्याची बेरीज देते. गुरुवारच्या सरावाला किती गेले, असं विचारलं तर तिच्याकडेही उत्तर नाही. सगळ्यात खरी पद्धत जिथे गप्प बसते, नेमक्या तिथे घड्याळ बोलतं.

बरं, घड्याळाचं सूत्र कुणाच्या शरीरावरून बेतलेलं? व्यायामाच्या हिशेबात 'मेट' नावाचं एक माप सर्रास वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला किलोमागे ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, तो एक मेट. चालणं तीन-साडेतीन मेट, पळणं आठ-दहा, असा मोठा कोश आहे, त्यात पियानोपासून ड्रमपर्यंत वाद्यंही आहेत. पण हे ३.५ आलं कुठून तर, सांगतात असं, की चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या एका पुरुषावरून. २००५ मध्ये ७६९ जणांवर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी २.६ निघाली. स्वस्थ बसण्यातच एवढा फरक! पडून राहण्याचा खर्च काढणारी समीकरणंही अशीच. १९१९ च्या हॅरिस-बेनेडिक्ट समीकरणांमागे २३९ अमेरिकन माणसं. १९८५ साली जागतिक संस्थांनी उचललेली स्कोफिल्डची समीकरणं सात हजारांवर नोंदींची, पण त्यातल्या जवळजवळ निम्म्या इटालियन माणसांच्या. भारतीय शरीरांवर ती जरा जास्तच आकडा देतात, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञांनी आपल्यासाठी त्यातले पाच टक्के कापले. माझ्या डोळ्यांपुढे आता चित्र असं, की मृण्मयी ध्वज घेऊन उभी आहे आणि तिच्या जागी हजेरी लावायला कोणी तगडा इटालियन शिपाई आलाय.

आणि वजनाचा एक आकडा भरला की शरीर कळलं, हेही पुण्यात बसून म्हणू नये. इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन या आपल्या मित्राचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून सडसडीत आणि आतून चरबी, ही आपली जातकुळी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की ही ठेवण पोटातूनच घेऊन आपण येतो. स्नायूचा खर्च वेगळा, चरबीचा वेगळा. घड्याळाला दोन्ही सारखेच किलो.

इथपर्यंत ही नुसती करमणूक होती. पण पुणं आणि कॅलरी म्हटलं की मला एक जुना वाद आठवतो, आणि तो आठवला की मृण्मयीच्या 'नको'कडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागते. १९७१ मध्ये इथल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या गरिबीचा हिशेब मांडला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब. खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं त्या रेषेखाली निघाली. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे घेतले. यावर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी बोट ठेवलं. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुधचा, संख्याशास्त्रातला मोठा माणूस, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत (एफएओ) वीस वर्षं सांख्यिकीचं काम बघून पुण्याला परतलेले. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरजसुद्धा आठवड्या-आठवड्याला बदलते. शरीर हे ठरावीक कोळसा मागणारं इंजिन नाही. ते कमी मिळालं तर काटकसरीने चालतं, जास्त मिळालं तर उधळतं, आणि तरी वजन तेच राहतं. सरासरी गरजेची रेघ मारून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवणं चूक. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. गरजेची रेघ अशी खाली ओढली तर भुकेलेली माणसं कागदावरून गायब होतील, ही भीती बऱ्याच जणांना होती. दोन विद्वान, आणि दोघेही पुण्यातच.

मला या वादात एका बाजूला उभं राहता येत नाही. शरीर जुळवून घेतं हे सुखात्म्यांचं म्हणणं, संख्याशास्त्र बाजूला ठेवलं तरी, आजूबाजूला बघून पटतं. टांझानियातल्या हाड्झा लोकांवर हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी जड पाण्याचा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. रोज मैलोगणती चालणारी, मुळं उकरणारी, शिकार करणारी ही माणसं. पण अंगकाठीचा फरक वजा केल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच. शरीर एकीकडे जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं. सुखात्मे आणि पाँट्झर यांचं म्हणणं एक नव्हे, पण दोघांमुळेही खतावणी विस्कटते. आणि त्याच वेळी दांडेकरांच्या बाजूची भीतीही पोटात उतरते. शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? उंची वाढू देत नाही, मधेच बसकण मारतं, पाळी लांबवतं, हाडाकडचं काढून हृदयाला देतं. याला काटकसर म्हणायचं की उपासमार, हे आकड्यावरून नाही कळत. ज्याच्या अंगावर ते बेतलं त्याला कळतं.

आमच्या आईचं माहेर खटाव तालुक्यातलं, सुखात्म्यांच्या बुधपासून फार लांब नाही. बहात्तरचा दुष्काळ तिने अंगावर काढलाय, लग्नाआधी. पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला आणि नंतर रस्त्याच्या कडेला खडी फोडायला. त्या कामाचं मोजमाप कसं व्हायचं ते ती अजून हाताने दाखवते. खडीचे पैसे ब्रासावर, म्हणजे ढिगाच्या घनफळावर. मातीच्या खड्ड्यात मधोमध मातीचाच एक खांब न खणता सोडायचा. आधी जमीन किती उंच होती, ते त्याच्यावरून दिसायचं. मुकादम टेप घेऊन येईपर्यंत त्या खांबाला कुणी हात लावायचा नाही. मला हे फार आवडतं. मोजणाऱ्याने बरोबर मोजलं की नाही, याचा पुरावा उन्हात सगळ्यांसमोर उभा. खांबावर मूठभर माती थापून खोली वाढवणारेही होते म्हणे, आणि टेप सैल धरून कमी भरवणारे मुकादमही. पण भांडायला काहीतरी समोर होतं.

परवा आई आली होती. दुपारी रेवा कॉलेजला गेल्यावर मी तो मेटचा कोश उघडून बसले आणि म्हटलं, तुझा हिशेब काढू या. सूत्राचा पहिला प्रश्न, वजन किती होतं?

"वजन? काटा होता तो मिलोचा. माणसाचं वजन कोण करतंय?"

मिलो म्हणजे ती तांबडी ज्वारी, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना चिरायची, असं ती सांगते. वर कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. वय विचारलं तर म्हणाली, अठरा असेल, नाहीतर सतरा. उंची आत्ताचीच धर. मी वजन ४० धरलं, खणायचं आणि वाहायचं काम पाच मेटचं धरलं, आठ तास, आणि उरलेल्या सोळा तासांचं निजणं, पाणी आणणं, चूल. बेरीज आली साधारण २४००. नियोजन आयोगाचा खेड्याचा आकडा! क्षणभर अंगावर काटा आला, मग बघितलं, की वजन ४० ऐवजी ४५ धरलं की तीच बेरीज २७०० च्या आसपास जाते. तेव्हा जुळलं यात काही अर्थ नव्हता. तरी मी तिला सांगितलं, की एवढ्या कॅलरी लागत असणार तुला रोज.

"आणि मिळत किती होत्या?"

ते मी काढलं नव्हतं. सुकडी किती मिळायची म्हणून विचारलं तर तिने ओंजळ केली. मग तीच म्हणाली, की धाकटा भाऊ घरी होता, त्याला निम्मी जायची. पदरात बांधून. ओंजळीचे ग्रॅम किती धरायचे आणि त्यातून पदरातले किती वजा करायचे, हे काही मला सुचेना. मी वही मिटली. आईला मात्र आता रस आला होता. रेवाच्या घड्याळाबद्दल तिने खोदून विचारायला सुरुवात केली. ते आकडे संध्याकाळी कोण तपासतं? कुणी नाही, मी म्हटलं. मग मस्टर कुणाकडे असतं?

"कंपनीकडे. सगळ्यांचं तिथे जाऊन जमा होतं."

"आणि पैसे?"

"पैसे आपण द्यायचे, आई. घड्याळाचे."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. "आमचा मुकादम बरा होता म्हणायचा," म्हणाली.